वरची ओळ

टायपिंगताईच्या घरात सकाळी चहाच्या आधी मशीन लागतं, आणि मशीन लागलं की ताई त्याच्यासमोर उभी राहते. बसत नाही, उभीच. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी येतात. वर ‘बाळ्या’, खाली ‘ताई’. कोपऱ्यात दहाचा आकडा उलटा पळायला लागतो, नऊ, आठ, सात. तेवढ्यात खालचा बाण दाबून एंटर मारलं तर ताईची सिस्टीम उघडते. नाही मारलं, तर मशीन आपलं आपणच ठरवतं की आज बाळ्या बसणार, आणि बाळ्याची सिस्टीम उघडून पासवर्ड मागायला लागतं. तो पासवर्ड ताईला माहीत नाही. मग बटण दाबून सगळं बंद करा, परत लावा, आणि ते म्हातारं मशीन घरघर करत उठेपर्यंत पाच मिनिटं हात बांधून उभं राहा. गॅसवर दूध ठेवून मशीन लावायचा शहाणपणा ताईने दोनदा केला होता. दोन्ही वेळा दूध उतू गेलं आणि मशीन बाळ्याकडे गेलं.

आता तुम्ही म्हणाल, रोज बसते ताई, मग वर बाळ्या कशाला? त्याला घर सोडून बारा वर्षं झाली. दुसऱ्या देशात नोकरी, बायको, मुलगी, सगळं तिकडेच. हा प्रश्न गल्लीतल्या प्रत्येक शहाण्या माणसाने ताईला विचारून झालाय. ताईचं उत्तर ठरलेलं असायचं.

“राहू दे की. तुमचं काय खातोय तो?”

ताई छप्पन्न वर्षांची. अंगाने बारीक, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल, खुर्चीवर दोन उशा, कारण खुर्ची बाळ्याच्या उंचीची आहे आणि ताई नाही. टेबलाच्या बाजूला एक लाकडी स्टूल. गिऱ्हाईक त्या स्टुलावर बसून आपला कागद वाचून दाखवतं आणि ताई टाइप करते. अर्ज, तक्रारी, करारनामे, प्रबंध, एकदा तर एका गृहस्थाने बायकोला लिहिलेलं माफीपत्रसुद्धा. वाचणारा श्वास घ्यायला थांबला की तिची बोटंही थांबतात आणि ती म्हणते, “पुढे.” दिवसातून हजार वेळा. गल्लीत सगळे तिची चेष्टा करतात की ताईला झोपेतून उठवलं तरी पहिला शब्द ‘पुढे’ येईल. व्याकरणाच्या चुका ती न सांगता दुरुस्त करते. कोपऱ्यावरचे वकीलसाहेब स्वतःला फार शुद्ध लिहिणारे समजतात. तो सगळा डौल ताईच्या जिवावर चाललेला आहे, आणि हे ताईने त्यांना कधी कळू दिलेलं नाही.

बाळ्या तिच्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो आठ वर्षांचा, वडील त्याच्या आधीच गेलेले. ताईने टायपिंगच्या जोरावर त्याला वाढवलं. कुणी लग्नाचं विचारलं की म्हणायची, आधी त्याचं शिक्षण होऊ दे. शिक्षण झालं तर म्हणाली, नोकरीचं मार्गी लागू दे. तेही लागलं, पण तोवर विचारणारेच थांबले होते. ह्याचं तिला वाईट वाटलं का? वाटलं. पण बसून रडावं इतकी सवड तिला नव्हती.

मशीन घरात आलं तेव्हा बाळ्या एकवीसचा होता. मशीन एक आणि बसणारी दोन डोकी, त्यात दोघांच्या गरजा दोन तऱ्हेच्या. ताईचा टायपिंगचा प्रोग्रॅम जुन्या सिस्टीमवरच चालायचा, आणि तोही मशीनच्या पाठीमागे कंपनीने दिलेली एक जाडजूड किल्ली खुपसलेली असेल तरच. बाळ्याला अभ्यासासाठी वेगळीच सिस्टीम हवी होती. एके दिवशी दुपारी ताई पोस्टात गेलेली पाहून त्याने मशीनचा ताबा घेतला. डिस्क कशी विभागायची ते त्याने अर्धवट वाचलं होतं, आणि अर्धवट वाचणाऱ्याचं जे होतं ते झालं. ताई परत आली तेव्हा तिची सिस्टीम, तिचे फाँट आणि गांडुळांवरचा दोनशे चाळीस पानांचा एक प्रबंध, सगळं साफ. बाळ्याची नवी सिस्टीम मात्र झकास चालत होती.

ताईने तीन दिवस अबोला धरला. ताट वाढायची आणि आत निघून जायची. चौथ्या दिवशी सकाळी बाळ्या तिची सिस्टीम कशीबशी परत बसवून, प्रबंधाचे हस्तलिखित कागद घेऊन त्या स्टुलावर येऊन बसला आणि काही न बोलता मोठ्याने वाचायला लागला. ‘प्रकरण पहिलं. गांडूळ: एक परिचय.’ ताई थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिली. मग तिने खुर्ची पुढे ओढली.

अकरा दिवस चाललं ते. बाळ्या वाचायचा, ताई टाइप करायची. तळटीपा तो बातम्या दिल्यासारख्या वाचायचा. गांडुळाच्या पचनसंस्थेचं प्रकरण त्याने प्रेमकथा वाचावी तसं वाचलं, आणि ताईला हसू इतकं अनावर झालं की बोटं घसरून एक अख्खा परिच्छेद वाया गेला. “गप रे,” ती डोळे पुसत म्हणाली. “पुढे.” तिला कुणी विचारलं असतं की बाई, तुझ्या आयुष्यातले चांगले दिवस कोणते, तर तिने हेच अकरा दिवस सांगितले असते. पण असं कुणी विचारत नाही.

प्रबंध संपला आणि बाळ्याने डिस्कची रीतसर वाटणी केली. डिस्क चाळीस जीबीची.

“तुला पाच पुरतात खरं तर,” तो म्हणाला.

“मग पाचच दे.”

“छे. अर्ध्याला अर्धं. वीस तुला, वीस मला.”

लोकांच्या घरात वाटण्या झाल्या की भांडी आदळतात आणि तोंडं फिरतात. ह्यांची वाटणी एका बशीतले शेंगदाणे खाता खाता झाली. वर कोण, हा प्रश्न आला तेव्हा बाळ्याने स्वतःचं नाव वर टाकलं. “मी लाडका आहे,” तो म्हणाला. “आणि तुला दहा सेकंद देतो. पुरतील ना?”

“दहा सेकंदांत मी एक ओळ मारते रे. मला काय शिकवतोस.”

नऊ वर्षं ते असं चाललं. मग तो गेला. फोन आधी दर रविवारी यायचा. मग महिन्यातून एकदा. मग ज्या महिन्यात आठवेल त्या महिन्यात. बारा वर्षांत दोनदा येऊन गेला, एकदा बायकोला घेऊन आणि एकदा चार महिन्यांच्या मुलीला घेऊन. वाईट नाही हो तो. ताईला फोन पाठवला, पाय शेकायची पिशवी पाठवली, डोळ्यांच्या ऑपरेशनचं सगळं तिकडून जमवून दिलं. पण ताईला वस्तू नको होत्या. तिला स्टुलावर माणूस हवं होतं.

आणि एक गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. एखाद्या रविवारी, गिऱ्हाईक नसताना, ती मुद्दाम ते दहा सेकंद जाऊ द्यायची. बाळ्याची सिस्टीम उघडायची. निळा पडदा, मधोमध त्याचं नाव आणि खाली पासवर्डची रिकामी चौकट. ताई त्याच्यासमोर चहा घेऊन बसायची. आतल्या खोलीचं दार लावून तो अभ्यासाला बसलाय आणि आपण बाहेर आहोत, असं तिला वाटायचं. चहा संपला की बटण दाबून बंद करायची.

मग सर आले. सर म्हणजे एक्याऐंशी वर्षांचे निवृत्त मुख्याध्यापक. आपल्या शाळेचा साद्यंत इतिहास लिहून ते ताईकडे आले, सोबत तीनशे जुने फोटो. “लवकर कर बाई,” ते म्हणाले, “माझं पिकलं पान झालंय.” ताईने काम धडाक्यात सुरू केलं आणि एकशे चाळिसाव्या पानाला मशीनने हात वर केले. डिस्कवर जागा नाही. ताईने जुनी कामं पेनड्राईव्हवर हलवली, नको ते पुसलं, तरी चार पानं पुढे गेली की परत तेच.

तिने पेचकसला बोलावलं. मशीन दुरुस्त करणारा हा गडी कानामागे कायम पेचकस अडकवून फिरतो, म्हणून त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाच काय ते आठवत असेल. त्याने डिस्क तपासली आणि कपाळावर हात मारला.

“ताई, अर्धं घर रिकामं ठेवून तुम्ही ओट्यावर झोपताय! ही वरची सिस्टीम कोण वापरतं?”

“भाऊ.”

“कधी?”

ताईने खुर्चीवरची उशी उगाच सरळ केली.

“उडवून टाकू. सगळी जागा तुम्हाला मिळेल. नाहीतर नवं मशीन घ्या.”

“नव्या मशीनला माझी किल्ली बसते?”

“नाही बसत.”

“मग सल्ला कशाला देतोस?” ताई म्हणाली. “त्याला विचारते. त्याचं आहे ते.”

फोन करायच्या आधी काय बोलायचं ते तिने दोनदा मनात म्हणून पाहिलं. तिला मनापासून वाटत होतं की तो म्हणेल, नको गं, थांब, मी येऊन बघतो. बाळ्या गाडीत होता. मागे मुलगी, चिमणी, कसलं तरी गाणं म्हणत होती.

“कुठली सिस्टीम?” त्याने विचारलं. “ती? अजून आहे ती? अगं ताई, उडव की! काहीच नाहीये त्यात.”

“पासवर्ड सांगतोस? एकदा बघून घेते.”

“पासवर्ड कुठला आठवायला! जाऊ दे गं, टाक पुसून. बरं, तू बरी आहेस ना? मी आत्ता जरा गडबडीत आहे, करतो नंतर.”

दोन मिनिटं अकरा सेकंद. फोन ठेवल्यावर ताईने ते फोनच्या पडद्यावर पाहिलं. तिला राग आला. मशीनवर नाही, पेचकसवर नाही, बाळ्यावर आला, आणि इतका आला की कानशिलं तापली. बारा वर्षं मी ह्याची जागा अडवून बसलेय आणि हा म्हणतो, अजून आहे ती?

दुसऱ्या दिवशी पेचकस आला. कामाला हात घालण्याआधी त्याने विचारलं, “ताई, पासवर्ड नसला तरी त्यातलं सगळं काढून एका पेनड्राईव्हवर ठेवता येतं. ठेवू? अर्ध्या तासाचं काम आहे.”

“नको,” ताई म्हणाली. “त्यानेच सांगितलंय काही नाही म्हणून. आपण कशाला नाक खुपसा?”

ते तिने रागानेच म्हटलं. पेचकसला ते कळलं नाही, त्याने आपलं काम केलं. तासाभराने तो म्हणाला, “झालं. आता त्या दोन ओळी येणार नाहीत. बटण दाबलं की थेट तुमचंच उघडेल.”

ताईचा चेहरा पडला. राग कुठल्या कुठे पळाला.

“ओळ राहू दे,” ती म्हणाली.

“कुठली ओळ?”

“वरची. त्याच्या नावाची.”

“अहो, तिच्यामागे आता काही नाही. कुणी निवडली तर काळा पडदा येईल आणि एक इंग्रजी वाक्य. उगाच डोक्याला ताप!”

“येऊ दे. आणि दहा सेकंदही राहू देत.”

पेचकसने तिच्याकडे पाहिलं, मग कान खाजवला. “वर तुमचं टाकू ना निदान?”

“त्याचंच वर. पहिल्यापासून तोच वर आहे.”

त्याने तसं करून दिलं. गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायची नाही, हा त्याचा धंद्याचा नियम. ताई दुसऱ्या दिवसापासून पूर्वीसारखीच मशीनसमोर उभी राहायला लागली. खालचा बाण, एंटर. सरांची शाळा एकशे चाळिसाव्या पानावरून सुटली आणि चारशे पानांवर जाऊन थांबली. सर खूश झाले, हातात छापील पुस्तक धरून मुलासारखे रडले. रविवारचा चहा मात्र ताई आता स्वयंपाकघरात घ्यायची.

तीन महिन्यांनी, एका मंगळवारी दुपारी, बाळ्याचा फोन आला. मंगळवारी! ताईला आधी धडकीच भरली.

“काय झालं रे? सगळे बरे आहात ना?”

“अगं ताई, पासवर्ड आठवला!” तो इतक्या मोठ्याने म्हणाला की तिने फोन कानापासून लांब धरला. “चिमणी शाळेचा धडा वाचत होती, मी समोर बसून ऐकत होतो. ती थांबली आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, ‘पुढे’. अगदी तुझ्यासारखं. आणि एकदम आठवलं. तोच होता पासवर्ड! ‘पुढेपुढे’, जोडून, इंग्रजी अक्षरांत.”

ताईने खुर्ची ओढून घेतली आणि बसली.

“आणि ऐक ना. त्यात आपलं रेकॉर्डिंग आहे. गांडुळांचं! नवा माइक आणला होता मी तेव्हा. तुला न सांगता टेबलाखाली ठेवून रोज चालू करायचो, आणि वाटणी झाल्यावर सगळं माझ्या बाजूला हलवलं. मी वाचतोय, तू हसतेस, मधेच रागावतेस. तुझा तेव्हाचा आवाज आहे ताई त्यात. पूर्ण विसरलो होतो बघ मी. चिमणीला ऐकवायचंय.” तो हसला. “उडवलं नसशील ना? तू कसली उडवतेस, मी ओळखतो तुला.”

खरं बोलायची ती वेळ होती. ताईला ते कळत होतं.

“नाही रे,” ती म्हणाली. “आहे.”

“मग मी येतो! येऊन घेऊन जातो. चिमणीलाही आणतो, तिने आत्याला धड पाहिलेलंही नाही. तिकिटाचं बघतो ह्या आठवड्यात.”

फोन ठेवून ताई धावतच पेचकसच्या दुकानात गेली. चप्पल घालायचीही शुद्ध नव्हती. पेचकसने तिला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि घरी येऊन दीड तास मशीनशी झटापट केली. शेवटी हातातला पेचकस कानामागे ठेवला.

“ताई, पुसलेलं कधी कधी निघतं परत. पण त्याच जागेवर आता सरांची शाळा बसलीये. तीनशे फोटो. खालचं काही उरलेलं नाही.”

“काहीच?”

“काहीच नाही. मी विचारलं होतं तुम्हाला.”

“विचारलं होतंस,” ताई म्हणाली. “मीच फुरंगटून बसले होते.”

तरी चार दिवस तिने फोन केला नाही. त्या चार दिवसांत तिने बाळ्याची खोली झाडली, गाद्या उन्हात टाकल्या, चिमणीच्या उंचीला स्टूल पुरेल का ते बघितलं. वकीलसाहेबांना म्हणाली, पुढच्या महिन्यात काम जरा कमी घेईन, भाऊ येतोय. सांगताना तिचा चेहरा असा काही फुलला की वकीलसाहेबांनी एरवी वाचतात त्यापेक्षा सावकाश वाचलं. पण मग? तो येणार, खुर्चीत बसणार, आपलं नाव निवडणार, आणि मुलीसमोर काळा पडदा येणार. ते तिला डोळ्यांसमोर दिसत होतं. पाचव्या दिवशी सकाळी तिने फोन लावला.

“बाळ्या, मी खोटं बोलले. ते नाहीये. मी उडवलं.”

तो काही म्हणायच्या आत ती पुढचं बोलली.

“तूच म्हणाला होतास काही नाही म्हणून. दुरुस्तीवाला कॉपी काढून देत होता, मीच नको म्हटलं. मला तुझा राग आला होता. चुकलं माझं.”

“असू दे गं,” तो म्हणाला. “मीच म्हणालो होतो. असू दे.” रागावला नव्हता तो. रागावला असता तर ताईला बरं वाटलं असतं.

“तू येतोयस ना पण? मी खोली झाडून ठेवलीये.”

“हो... बघतो ना. चिमणीच्या शाळेचं, माझ्या सुट्टीचं जमवायला लागेल. घाई नाही ना आता तशी. कळवतो मी तुला.”

“बरं,” ताई म्हणाली. “कळव. सावकाश कळव.”

त्यानंतरच्या रविवारी सकाळी तिने मशीन लावलं आणि उभी राहिली नाही. खुर्चीत बसली, चहाचा कप हातात धरून. दोन ओळी आल्या. वर बाळ्या, खाली ताई. आकडा पळायला लागला आणि ह्या खेपेला तिने त्याला पळू दिलं. पडदा काळा झाला. वर एक इंग्रजी वाक्य उमटलं, त्याच्या शेवटाला एक छोटी रेघ लुकलुकत राहिली. आयुष्यभर तिने लोकांची वाक्यं ऐकून टाइप केली होती, हे वाक्य तिने नीट वाचलं. मग कप खाली ठेवून कीबोर्डवर हात नेले आणि एकेक अक्षर करून ‘पुढेपुढे’ टाइप केलं. पडद्यावर काहीच उमटलं नाही.

ताईने मान वळवून स्टुलाकडे पाहिलं.

“पुढे,” ती म्हणाली, आणि बोटं कीबोर्डवर तशीच ठेवून थांबून राहिली.